खारीची शिकार : आधी झाड ओळखा, मग बंदूक उचला

अमेरिकेत शिकार म्हटलं की बोलबाला हरणाचा. पण केंटकी, मिसूरी, अर्कान्सा, टेनेसी या पट्ट्यात गावाकडच्या पोरांच्या हातात पहिली बंदूक बहुतेकदा येते ती खारीसाठी. हंगाम लांब, परवाना स्वस्त, सरकारी जंगलं खुली आणि सावज मुबलक. नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. एका सकाळी दहा वेळा चुकायची संधी मिळते, हरणाच्या शिकारीत ती अख्ख्या हंगामात मिळत नाही.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच. हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी, आणि अमेरिकेपुरताच आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकार हा गुन्हा आहे, आणि शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी. सुट्टीत घरी गेल्यावर इथलं शहाणपण तिकडे दाखवायचं नाही.

कागदपत्रं : इथे घाई नको

व्हिसावर असलेल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर राहणाऱ्या माणसाला, म्हणजे एच-वन, एफ-वन वगैरे मंडळींना, बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे. त्याला काही अपवाद आहेत, आणि त्यातला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याने रीतसर दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. म्हणून क्रम असा : आधी परवाना, नंतर बंदुकीला हात. मित्राची बंदूक रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, ‘नुसती चालवून बघणं’ हेसुद्धा कायद्याच्या नजरेत बाळगणंच ठरू शकतं. परवाना संपला की अपवादही संपला, त्यामुळे नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही. याशिवाय राज्याराज्यांचे स्वतःचे कायदे असतात. इलिनॉयमध्ये वेगळं ओळखपत्र लागतं, न्यू जर्सीत एअरगनसुद्धा बंदुकीत मोजतात. मनात जरा जरी शंका असेल तर आपल्या इमिग्रेशन वकिलाला विचारा. एका खारीपायी व्हिसा पणाला लावण्यात काही अर्थ नाही.

परवाना राज्याच्या वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर मिळतो. ‘स्मॉल गेम’, म्हणजे लहान सावजाचा, या प्रकारचा घ्यायचा. त्या राज्यात रहिवासी म्हणून नोंद असेल तर खर्च किरकोळ असतो, बाहेरच्या राज्यातून आलात तर कित्येक पटींनी जास्त. त्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. तो कुणाला सक्तीचा हे बरीच राज्यं जन्मतारखेवरून ठरवतात, जसं टेक्ससमध्ये २ सप्टेंबर १९७१ आणि त्यानंतर जन्मलेल्यांना. सूट मिळत असली तरी कोर्स कराच, आणि शक्यतो प्रत्यक्ष वर्गात बसून करा. बंदूक हातात कशी धरायची, कुंपण ओलांडताना काय करायचं, हे पडद्यावर बघून अंगी लागत नाही.

हंगाम राज्यागणिक बदलतो. मिसूरीत तो मे महिन्याच्या चौथ्या शनिवारी सुरू होऊन १५ फेब्रुवारीपर्यंत चालतो आणि दिवसाला १० खारींची मुभा आहे. ओहायोत १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी, दिवसाला ६. आकडे बदलू शकतात, म्हणून चालू वर्षाची नियमपुस्तिका उतरवून घ्या आणि फोनमध्ये ठेवा. जंगलात रेंज नसते.

कुठली खार?

पूर्व अमेरिकेत शिकारीसाठी मुख्यतः दोन जाती. करडी खार, म्हणजे ग्रे स्क्विरल, साधारण ४०० ते ६०० ग्रॅम, पोट पांढरं. काळी कुळकुळीत दिसली तरी बहुतेक वेळा ती याच जातीतली असते. दुसरी फॉक्स स्क्विरल : अंगावर तांबूस झाक, पोट नारिंगी, वजन कधीकधी किलोपर्यंत. करडी खार दाट जंगलात राहते आणि उजाडायच्या आधीच कामाला लागते. फॉक्स स्क्विरल शेताच्या कडेच्या विरळ झाडीत राहते आणि ऊन चांगलं वर आल्याशिवाय बाहेर पडत नाही. पहाटे उठणं जमत नसेल तर दुसरीच्या मागे लागा, त्यात कमीपणा नाही. उडणाऱ्या खारी निशाचर असतात आणि त्यातल्या काही संरक्षित आहेत, त्यांच्या वाटेला जायचं नाही.

शहरातल्या बागेतल्या, घरामागच्या खारी? विसरा. शहरहद्दीत गोळी झाडायला बहुतेक ठिकाणी बंदी असते, शिवाय आजूबाजूला कुणी उंदरांचं विष टाकलंय का, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

खरी मेख : झाडं

नवखा माणूस जंगलात खार शोधत हिंडतो आणि रिकाम्या हाताने परततो. खार शोधायची नसते, या आठवड्यात ती जे झाड खातेय ते शोधायचं असतं.

मे-जूनमध्ये हंगाम खुला असेल अशा राज्यांत तुतीकडे जा. पिकलेल्या तुतीच्या झाडावर खारींची जत्रा असते. ऑगस्टच्या शेवटापासून हिकरी, म्हणजे अक्रोडाच्या कुळातलं झाड. शॅगबार्क हिकरी तर लांबूनही ओळखू येते, तिच्या सालीचे लांबट पापुद्रे खोडापासून सुटून उचललेले असतात. हिकरीचं फळ टणक, आणि खार ते दातांनी कुरतडताना हिरव्या सालीचे बारीक तुकडे सतत खाली पडत राहतात. पानांवर त्यांचा आवाज पावसाच्या पहिल्या सरीसारखा येतो, फक्त आभाळ कोरडं असतं. तो आवाज आला की जागच्या जागी थांबा. वर बघायची घाई करू नका. खाली जमिनीवर ताजे, ओलसर, हिरवे-पांढरे तुकडे दिसले तर खार आत्ता इथेच आहे. तेच तुकडे तपकिरी होऊन सुकले असतील तर ती जत्रा उठलेली आहे, पुढे चला.

मग येतो ओक. इथे दोन घराणी ओळखता आली पाहिजेत. व्हाइट ओकच्या पानांचे कंगोरे गोलसर, रेड ओकचे टोकदार. व्हाइट ओकच्या फळात कडवटपणा कमी आणि ते त्याच शरद ऋतूत रुजतं, त्यामुळे खार ते लगेच खाऊन टाकते. साठवायचंच झालं तर आधी त्यातला कोंब कुरतडून काढते, म्हणजे ते रुजत नाही. रेड ओकचं फळ वसंतापर्यंत रुजत नाही, म्हणून ते पुरून ठेवायला बरं. शिकाऱ्याच्या हिशेबाने अर्थ असा की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये व्हाइट ओकखाली बसायचं, आणि डिसेंबर-जानेवारीत रेड ओकच्या रानात जमिनीवर नजर ठेवायची, कारण तेव्हा खारी पुरलेला माल उकरत असतात. खार हिवाळ्यात झोपून राहत नाही. कडाक्याच्या थंडीत मात्र ती भल्या पहाटे न निघता ऊन पडल्यावर बाहेर येते.

बीच, पिकॅन, ब्लॅक वॉलनट हीसुद्धा कामाची झाडं. ज्या वर्षी हिकरीला फळ धरत नाही त्या वर्षी हिकरीची टेकडी ओस पडते. गेल्या वर्षीची हमखास जागा यंदा वांझ निघाली तर खारींना दोष देऊ नका.

जागेचं म्हणाल तर राष्ट्रीय वनं, म्हणजे नॅशनल फॉरेस्ट, आणि राज्यांची वन्यजीव क्षेत्रं शिकारीला बहुतांशी खुली असतात. मिसूरीतलं मार्क ट्वेन, केंटकीतलं डॅनियल बून, इलिनॉयमधलं शॉनी ही मोठी नावं. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी हवीच, काही राज्यांत ती लेखी लागते. झाडांच्या बुंध्यांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर मिसूरी, इलिनॉय, टेक्सस अशा राज्यांत त्याचा अर्थ ‘आत येऊ नका’ असाच आहे, पाटी असो वा नसो.

हत्यार

दोनच पर्याय डोक्यात ठेवा. पानं दाट असताना शॉटगन, म्हणजे एका बारात अनेक छर्रे टाकणारी बंदूक : ट्वेंटी गेजची नळी आणि सहा नंबरचे छर्रे. तीस-पस्तीस यार्डांच्या पलीकडे झाडायची नाही. पानगळ झाली की पॉइंट टू-टू रायफल, दुर्बीण लावलेली, आणि नेम फक्त डोक्याचा. रायफलने मांस वाया जात नाही, पण त्यासाठी आधी रेंजवर बसून २५ ते ५० यार्डांवर नेम पक्का करावा लागतो. काही राज्यांत ताकदवान एअरगनही चालते. बंदुकीच्या कायदेशीर कटकटीत पडायचं नसेल त्यांनी तो मार्ग जरूर तपासावा.

पॉइंट टू-टूच्या काडतुसांच्या डब्यावर इशारा छापलेला असतो की गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते. लोक तो वाचत नाहीत. उंच शेंड्यावर, मागे मोकळं आभाळ असलेल्या खारीवर रायफल झाडायची नाही, म्हणजे नाहीच. मागे खोड किंवा टेकडीचा उतार असेल तरच चाप ओढायचा. बाकीचे नियम कोर्समध्ये येतातच : बंदूक नेहमी भरलेलीच समजा, नळी माणसाकडे नको, बोट चापाबाहेर, आधी ओळख पटवा आणि मग नेम धरा. हरणाचा बंदूक-हंगाम चालू असेल तर भडक केशरी जाकीट आणि टोपी अनेक राज्यांत सक्तीची आहे. सक्ती नसेल तिथेही घाला. खारीला त्या रंगाचं काही वाटत नाही, तिला हालचाल दिसते.

प्रत्यक्ष सकाळ

उजाडायच्या आधी अर्धा तास झाडापाशी पोचा. रुंद खोडाला पाठ टेकून बसा, म्हणजे तुमची आकृती खोडात मिसळते. पँट मोज्यात खोचलेली असू द्या आणि कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक मारलेलं असू द्या, सप्टेंबरात गोचिडी फार असतात. फोन खिशात. पहिली वीस मिनिटं काहीच घडत नाही, आणि नेमक्या याच वेळी नवखे उठून चालायला लागतात.

मग कान कामाला लावा. फांदीवरून फांदीवर उडी मारल्याची सळसळ, सालीवर नखांची खरखर, सालीच्या तुकड्यांची टपटप. वारा असलेल्या दिवशी हे काहीच ऐकू येत नाही आणि खारीही दबकून राहतात, अशा दिवशी घरी झोपलेलं बरं. रात्री पाऊस पडून गेला असेल आणि पानं मऊ झाली असतील तर दोन-चार पावलं टाकून थांबत थांबत चालत शिकार करता येते. एरवी बसणंच उत्तम.

खार तुम्हाला पाहिल्यावर खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकते आणि तिथेच चिकटून राहते. जोडीदार असेल तर त्याने हळूहळू झाडाला वळसा घालायचा, खार आपोआप तुमच्या बाजूला येते. एकटे असाल तर एक काटकी पलीकडे फेका. कधी फसते, कधी नाही.

पहिली खार पडली की लगेच उठून उचलायला जाऊ नका. ती कुठे पडली ते एखाद्या ओंडक्याच्या किंवा झुडपाच्या खुणेने लक्षात ठेवा आणि बसून राहा. दहा-पंधरा मिनिटांत बाकीच्या पुन्हा हलायला लागतात. मात्र ती जखमी असून सरपटत असेल तर ताबडतोब जाऊन संपवा. ढोलीत शिरलेली जखमी खार तुमच्या हाताला लागत नाही आणि तिचेही हाल होतात. म्हणूनच अर्धवट दिसणाऱ्या, फांद्यांआडच्या खारीवर गोळी झाडायची नाही, आणि पानांच्या घरट्यात तर कधीच नाही. उचलण्याआधी काटकीने डोळ्याला स्पर्श करून बघा. पापणी हलली तर हात लावू नका, खारीचा चावा हाडापर्यंत जातो.

सोलणं

खारीचं कातडं सशासारखं सहज निघत नाही, आणि केस ओल्या मांसाला असे चिकटतात की धुऊन निघता निघत नाहीत. उपाय म्हणजे सोलण्याआधी अख्खी खार पाण्यात बुडवून ओली करायची. हातात नायट्राइल मोजे घालायचेच. खारी आणि सशांकडून माणसाला टुलरेमिया हा जिवाणूचा आजार होऊ शकतो, आणि बोटावरचा छोटासा ओरखडा त्याला पुरतो.

शेपूट वर उचला. शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूने आडवा काप द्या, शेपटीचं हाड कापलं गेलं पाहिजे पण पाठीकडचं कातडं शाबूत राहिलं पाहिजे. सगळी कला इथेच आहे, कातडं तुटलं की शेपूट हातात येते आणि पुढचा अर्धा तास चिमट्या घेण्यात जातो. आता त्या कापाच्या दोन्ही टोकांपासून मांड्यांच्या दिशेने बोटभर काप वाढवा. खार जमिनीवर ठेवा, शेपटीवर मुळाशी बूट घट्ट दाबा, मागचे दोन्ही पाय हातात धरा आणि सावकाश, एका दमात वर ओढा. हिसका नाही. पाठीचं कातडं सुटत सुटत पुढच्या पायांवरून सदऱ्यासारखं मानेपर्यंत उतरतं. पोटाच्या बाजूला त्रिकोणी तुकडा राहतो, त्यात बोटं घालून मागच्या पायांकडे ओढलं की विजारही उतरली. पंजे आणि मुंडकं कात्रीने छाटा.

पोट छातीच्या हाडापासून खाली उघडा, सुरीचं टोक वर ठेवून, म्हणजे आतडी फुटणार नाहीत. आतलं सगळं काढताना काळीज, म्हणजे यकृत, नीट बघा. ते एकसारखं गडद तांबडं हवं. त्यावर पांढरे ठिपके दिसले तर तो टुलरेमियाचा इशारा असू शकतो. ती खार खायची नाही, मोजे टाकून द्या, सुरी जंतुनाशकाने धुवा. हंगामाच्या सुरुवातीला, उन्हाळ्याच्या शेवटी, कातड्याखाली बोटाच्या पेराएवढी जाडजूड अळी सापडेल. ती बॉटफ्लाय या माशीची अळी. किळस येते, पण ती कातड्यातच राहते आणि मांस खायला चालतं. काखेतल्या आणि कमरेजवळच्या लहान गाठी काढून टाका, छर्रे लागलेली जागा खरवडून घ्या. उष्णतेच्या दिवसांत हे सगळं घरी जाईपर्यंत लांबवू नका, बर्फाची पेटी गाडीत ठेवा.

मेंदू खायचा नाही. केंटकीत तो खायची जुनी रीत आहे, आणि १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिथल्या डॉक्टरांनी खारीचा मेंदू खाणं आणि मेंदूचा एक जीवघेणा आजार यांचा संबंध असू शकेल अशी शंका मांडली होती. संबंध सिद्ध झालेला नाही. पण वाटाण्याएवढ्या चवीसाठी ही जोखीम कोण घेणार?

पातेल्यात

एका माणसाला दोन करड्या खारी धरा. खारीचे पाच तुकडे होतात : मागचे दोन पाय, पुढचे दोन आणि पाठ. लिटरभर थंड पाण्यात दोन टेबलस्पून मीठ घालून रात्रभर फ्रिजमध्ये भिजत ठेवा, रक्त उतरतं.

कोवळी खार आणि जून खार यांचा स्वयंपाक वेगळा. ओळख सोपी आहे, सोलताना जिने तुम्हाला घाम फोडला ती जून. कोवळीचे तुकडे ताकात भिजवून, मीठ-मिरपूड घातलेल्या मैद्यात घोळवून तळायचे. जूनीला तळलंत तर चपलेचा तळवा चावल्यासारखं होईल. तिला कांदा, सेलरी, तमालपत्र घालून मंद आचेवर दीड-दोन तास शिजवा, किंवा सरळ प्रेशर कुकर काढा. या कामात आपला कुकर अमेरिकन पातेल्याला सहज हरवतो, पंचवीस मिनिटांत मांस हाडावरून सुटतं. कोणत्याही पद्धतीने शिजवा, मांस आतपर्यंत १६५ अंश फॅरेनहाइटला पोचलंच पाहिजे. कच्चट खार हा प्रकार नको.

मला विचाराल तर पहिला पदार्थ ग्रेव्ही. शिजलेलं मांस हाताने सोडवा, बोटांनी चाचपत, कारण बरगड्यांच्या काड्या आणि एखादा छर्रा दाताखाली आला तर दंतवैद्याचं बिल परवान्याच्या कित्येक पट होतं. लोण्यात दोन चमचे मैदा बदामी होईपर्यंत परता, गाळलेला रस थोडा थोडा घालत हलवत राहा, दाटसर झालं की मांस आणि भरपूर मिरपूड. अमेरिकन बिस्किटावर, म्हणजे मऊ नमकीन पावावर, ओतून खायचं. मांस कोंबडीच्या मांडीपेक्षा गडद, सशापेक्षा जरा गोडसर, आणि खार हिकरीवर पोसलेली असेल तर मागून सुक्यामेव्याची हलकी चव येते. ती चव कळावी म्हणून पहिल्या खेपेला काळा मसाला डब्यातच राहू द्या. दुसऱ्या खेपेला हवं ते करा.

ब्रन्सविक स्ट्यू हा याहून जुना आणि मोठा पदार्थ : खार, मका, लिमा बीन्स, टोमॅटो, बटाटा. तो मूळचा कुणाचा यावरून व्हर्जिनिया आणि जॉर्जिया यांच्यात अजून वाद चालू आहे. आज तो बहुधा कोंबडीचा करतात. खारी साठवायच्या असतील तर तुकडे डब्यात घालून वर बुडेपर्यंत पाणी ओता आणि गोठवा, हवा लागत नाही म्हणून मांस महिनोनमहिने चांगलं राहतं. शिशाचे छर्रे वापरले असतील तर गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना हे मांस देऊ नका, किंवा मुळातच स्टीलचे छर्रे घ्या.

शेपट्याही टाकू नका. विस्कॉन्सिनमधली मेप्स ही मासेमारीचे गळ बनवणारी कंपनी गळांवर बांधायला खारीच्या शेपट्या वर्षानुवर्षं विकत घेत आली आहे. हाडासकट, मुळाशी मीठ चोळून, सरळ ठेवून वाळवायच्या. काही राज्यांत ही विक्री बेकायदा आहे, तेव्हा पाठवण्याआधी नियमपुस्तिका पुन्हा एकदा उघडा.